सरपंचकीला उभं राहायचंय? आधी घरपट्टीची पावती दाखवा

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात, तहसील कचेरीच्या समोरच माझं झेरॉक्स, टायपिंग आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. ग्रामपंचायत निवडणुकीचा कार्यक्रम लागला की शटर ओढायला रात्रीचे अकरा वाजतात. येणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या मोबाइलमध्ये बॅनरचं डिझाइन तयार असतं, घरपट्टीची पावती मात्र नसते. मतांनी पडलेला माणूस पाच वर्षांनी पुन्हा उभा राहू शकतो. पण निवडून येऊन, गुलाल खेळून, वर्षभरात जिल्हाधिकाऱ्यांच्या निकालाने घरी बसलेले सदस्य आणि सरपंच मी बघितलेत, आणि त्यांची अवस्था वाईट असते. म्हणून मी फॉर्म उघडायच्या आधी जे विचारते, ते इथे लिहून ठेवते. हे सगळं ग्रामपंचायतीपुरतं आहे. नगरपंचायत, जिल्हा परिषद यांचे कायदे वेगळे.

साध्या अटी पटकन उरकू. वय २१ पूर्ण हवं. गावाच्या मतदार यादीत नाव हवं, आणि यादीचा भाग क्रमांक व अनुक्रमांक पाठ नसला तरी लिहून आणलेला हवा. १ जानेवारी १९९५ किंवा त्यानंतर जन्म असेल तर सातवी पास असल्याचा दाखला लागतो. ही अट सरपंचाला आहे तशी सदस्यालाही आहे. त्याआधी जन्मलेल्याला शिक्षणाची अट नाही. एक आजोबा मला म्हणाले होते, "म्हणजे आम्ही अडाणी तेवढे हुशार!" कायद्याचं गणित आहे, मी काय बोलणार.

आता खरी मेख. ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम १४ म्हणजे कोण उभा राहू शकत नाही याची यादी. गावातल्या विरोधकांना बाकी कायदा ठाऊक नसतो, पण हे कलम तोंडपाठ असतं.

पहिली गोष्ट थकबाकी. घरपट्टी, पाणीपट्टीचं बिल रीतसर हातात पडल्यापासून तीन महिन्यांत भरलं नाही, तर माणूस अपात्र. लोक म्हणतात, "ताई, माझ्या नावावर काहीच नाही, घर वडलांच्या नावावर आहे." इथेच फसगत होते. एकत्र कुटुंबातल्या एकाने कर थकवला तरी कायदा सगळ्या कुटुंबाला धरतो. म्हणून घर आजोबांच्या नावावर असो की थोरल्या चुलत्यांच्या, नमुना आठचा उतारा (ग्रामपंचायतीतली घराची कर-नोंद) काढा, त्यावर ज्याचं नाव आहे त्याची बाकी भरा आणि पावती घ्या. जिल्हा परिषदेचा करही यातच येतो. पावतीवर तारीख आणि सही दिसते का बघा. धुरकट कार्बन कॉपी घेऊन छाननीला उभं राहिलं की समोरच्या पॅनेलचा वकील ती उन्हात धरून बघतो. आणि बेबाकीचा, म्हणजे काही थकलेलं नाही असा दाखला आधीच मागून ठेवा. ग्रामसेवकांचं पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण कार्यक्रम लागल्यावर भाऊसाहेब कोणत्या गावात सापडतील हे तेव्हाही कुणाला सांगता येत नव्हतं, आताही येत नाही. एकेकाकडे दोन-तीन गावं असतात.

दुसरी गोष्ट अतिक्रमण. गायरानावर गोठा, रस्त्यात पुढे आलेली पडवी, गावठाणातली वाढवलेली पायरी. "ते अतिक्रमण सासऱ्यांनी केलंय, मी नाही" हा बचाव पूर्वी चालून जायचा. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका ग्रामपंचायत सदस्य बाईंच्या प्रकरणात सांगितलं की अतिक्रमण मूळ कुणी केलं एवढंच बघायचं नाही. त्या जागेत राहून ते पुढे चालू ठेवणाराही अपात्र होतो. मी हा विषय काढला की दुकानातली निम्मी माणसं चहा प्यायला बाहेर जातात. पण निवडणुकीनंतर माहितीच्या अधिकारात मोजणीचे कागद मागवणारा भाऊबंद प्रत्येक गावात असतोच. शंका असेल तर आधी मोजणी करून घ्या, जागा मोकळी करा आणि पंचनाम्याची प्रत ठेवा.

तिसरी, अपत्यं. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या मुलामुळे संख्या दोनच्या पुढे गेली, तर उभं राहता येत नाही. त्या तारखेच्या आधीच तीन-चार असतील आणि नंतर एकही नसेल, तर अडचण नाही. एकच मूल असताना दुसऱ्या वेळी जुळी झाली, तर ती जुळी एकच धरतात. "धाकटं बहिणीला दत्तक दिलंय" असं सांगणारे येतात. ओडिशातल्या एका सरपंचाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच सांगून टाकलंय की दत्तक दिल्याने जन्म पुसला जात नाही. अंगणवाडीचं रजिस्टर, शाळेचा दाखला, रेशनकार्ड यांतल्या कुठल्या तरी कागदावर तिसरं नाव असतंच. अशा वेळी मी फॉर्म भरत नाही. शपथपत्र खोटं, आणि टाइप करणारी मी.

शौचालयाचं नाव काढलं की अजूनही लोक हसतात. पण घरात शौचालय आहे आणि त्याचा नियमित वापर होतो, असं प्रमाणपत्र लागतं. खोलीत चाऱ्याच्या पेंढ्या रचलेल्या असतील, तर गावाला ते दिसतं. याशिवाय ग्रामपंचायतीच्या कामात, ठेक्यात स्वतःचा किंवा भागीदाराचा हिस्सा असेल, तर तोही आडवा येतो. गटाराचं काम दुसऱ्याच्या नावाने घेऊन बिल स्वतःच्या खात्यात वळवणाऱ्यांनी आधी बँकेचं पासबुक बघावं, मग फॉर्मकडे वळावं.

राखीव जागेवरून उभं राहणाऱ्यांनी, विशेषतः बायकांनी, जरा थांबून वाचा. जातीचा दाखला माहेरचा असतो, कारण जात वडिलांकडून धरतात. मतदार यादीत नाव सासरचं असतं. मग दाखल्यावर एक आडनाव, यादीत दुसरं, आधारवर तिसरंच काहीतरी. ही दोन नावं एकाच बाईची आहेत हे दाखवणारा कागद, म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद, सोबत जोडायला हवा. 'सुनिता' आणि 'सुनीता' यावरून छाननीत हरकत आलेली मी ऐकलीय. जात वैधता प्रमाणपत्र हातात नसेल, तर पडताळणी समितीकडे अर्ज केल्याची पोच आणि ठरलेल्या मुदतीत प्रमाणपत्र आणून देण्याचं हमीपत्र लागतं. मुदतीत ते आलं नाही तर निवड रद्द होते, मग तुम्ही किती मतांनी आलात हे कुणी विचारत नाही. समितीची फाइल हलायला वेळ लागतो, तेव्हा आरक्षणाची सोडत निघाल्या दिवशीच अर्ज टाका.

अजून एक. निम्म्या जागा महिलांना राखीव आहेत, याचा अर्थ बाकीच्या जागांवर बाई चालत नाही असा होत नाही. सर्वसाधारण जागेवर कुणीही उभं राहू शकतं. आमच्याकडे अजूनही "त्या जागेवर बाई कशाला" म्हणतात, आणि मी मुद्दाम मोठ्याने सांगते.

फॉर्म राज्य निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर भरायचा. तिथे शपथपत्रात मालमत्ता, कर्ज, गुन्हे हे सगळं येतं. मग छापील प्रत काढून, सही करून, ती निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे वेळेत नेऊन द्यायची. नुसता ऑनलाइन भरला म्हणजे दाखल झाला असं होत नाही. डिसेंबर २०२० मध्ये सर्व्हर इतका रडला की शेवटी आयोगाला कागदी अर्ज घ्यायची परवानगी द्यावी लागली, वेळही वाढवावी लागली. दर वेळी असं होईलच, या भरवशावर राहू नका. शेवटच्या दिवशी मुहूर्त बघून येणाऱ्यांना मी हात जोडते. गुरुजींना आदल्या दिवसाचा मुहूर्त काढायला सांगा, ते काढतात. सदस्यपदाची अनामत सर्वसाधारण उमेदवाराला ५०० रुपये, राखीव प्रवर्गाला १०० रुपये. खर्चासाठी वेगळं बँक खातंही आधीच उघडून ठेवा.

पक्षाचं चिन्ह मागू नका, ते मिळत नाही. ग्रामपंचायत पक्षाच्या चिन्हावर होत नाही. कपबशी, छत्री, शिलाई मशीन असली मुक्त चिन्हं असतात. पॅनेल कुणाच्याही आशीर्वादाने उभं राहिलेलं असो, कागदावर तुम्ही एकटे.

बिनविरोधाबद्दलही सांगते. गावाने बसून ठरवलं तर चांगलंच. पण देवळाच्या वर्गणीच्या नावाखाली पदाची बोली लावली तर तो लिलाव झाला. जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी इथली निवडणूक आयोगाने मतदानाच्या तोंडावर रद्द केली, ती याच कारणाने.

खर्चाला मर्यादा आहे. २०१७ च्या आदेशात ती सात किंवा नऊ सदस्यांच्या ग्रामपंचायतीत सदस्याला २५ हजार, अकरा-तेराच्या ग्रामपंचायतीत ३५ हजार, पंधरा-सतराच्या ग्रामपंचायतीत ५० हजार होती. थेट जनतेतून निवडायच्या सरपंचाला याच क्रमाने ५० हजार, एक लाख आणि पावणेदोन लाख होती. हे जुने आकडे झाले, तुमच्या कार्यक्रमाला लागू असलेल्या आदेशातले आकडे तहसीलच्या फलकावर बघा. मटणाच्या जेवणावळी कुठल्या रकान्यात टाकायच्या हे मला विचारू नका.

निकालानंतर ३० दिवसांत हिशोब द्यायचा असतो. पडलेल्यांनी सुद्धा, बिनविरोध आलेल्यांनी सुद्धा, आणि एक रुपया खर्च केला नाही म्हणणाऱ्यांनी सुद्धा. पडलेला माणूस रुसून शेतावर जातो, हिशोब राहतो आणि पाच वर्षांपर्यंत उभं राहायची बंदी येऊ शकते. म्हणजे पुढची निवडणूकही गेली. झेरॉक्स, रिक्षाचा भोंगा, हँडबिल, चहा यांच्या पावत्या एका पाकिटात टाकत जा. हिशोब देताना दोन प्रती न्या, एकीवर कचेरीचा शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. शिक्का मारणारा बाबू जेवायला गेला असेल तर थांबा, समोर माझ्या दुकानात बसा, बाक आहे.