मेडिकलमधून लस नेताना

आमच्याकडे लस मिळते, टोचायला दवाखान्यात जावं लागतं. पण काउंटरपासून दवाखान्यापर्यंतचा अर्धा तास ना माझ्या हातात असतो ना डॉक्टरांच्या.

म्हणून आधी फोन करून डॉक्टर बसलेत का विचारा, मगच चिठ्ठी घेऊन दुकानात या. गेल्या मे महिन्यात एकानं बाळासाठी हिपॅटायटिस बी नेली. डॉक्टर गावाला गेलेले, म्हणून पठ्ठ्यानं घरी जाऊन ती फ्रीजरमध्ये ठेवली. जास्त गार तेवढी चांगली, हा हिशेब! ही लस २ ते ८ अंशांतच ठेवायची. एकदा गोठली की वितळवूनही उपयोग नाही, फेकायचीच.

दुकानदारानं लस कुठून काढली, बघा. फ्रीजच्या दारातून काढली तर घेऊ नका, दार दिवसभर उघडझाप होतं. आत थर्मामीटर आहे का, बिनधास्त विचारा. एक्स्पायरी बघा, बिलावर बॅच नंबर लिहून घ्या.

मी थर्माकोलचा डबा देतो. आईसपॅक फ्रीजरमधून काढल्या काढल्या त्यात टाकत नाही. थोडा वेळ बाहेर ठेवतो, कानाशी धरून हलवतो, आत पाणी खळखळलं की कागदात गुंडाळून ठेवतो. दगडासारखा पॅक लसीला चिकटला तर तीही गोठेल. डबा डिकीत नको, मांडीवर धरा. वाटेत भाजी घ्यायला थांबू नका.

कुत्रं चावलं असेल तर लसीआधी नळाखाली साबणानं १५ मिनिटं जखम धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. सरकारी दवाखान्यात ही लस फुकट आहे, हे मी स्वतःच सांगतो. माझं गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे. रक्त आलं असेल तर सीरमचंही, म्हणजे जखमेत टोचायच्या तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनचंही, तिथं विचारा. दंडाच्या स्नायूत घ्यायच्या रेबीजच्या लसीचे दिवस ०, ३, ७, १४, २८. इथं हमखास गोंधळ होतो, कारण पहिला दिवस शून्य धरायचा. सोमवारी पहिली घेतली तर दुसरी गुरुवारी, बाकी तिन्ही सोमवारीच. मी तारखा खोक्यावरच पेनानं लिहून देतो. ‘कुत्रं जिवंत आहे, आता कशाला?’ हे मला नाही, डॉक्टरांना विचारा.

आणि डबा परत आणून द्या. या उन्हाळ्यात तीन गेलेत.