आधी सुई, मग सुरी

स्तनातली गाठ श्रीखंडाच्या डब्यातून आली होती. झाकणाला रबरबँड, आत सलाइन, आणि डबा मांडीवर धरून दोन तास एसटीत बसलेला नवरा. कोल्हापुरात एका लॅबमध्ये मी सव्वीस वर्षं ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेले टिश्यूचे तुकडे, कापले, असले डबे किती आले ते मोजायचं मी सोडून दिलं. "गाठ आहे ना, काढून टाकू" म्हणत कुणीतरी आधी सुरी चालवलेली असते आणि मग आम्हाला विचारतात, कॅन्सर आहे का बघा.

सलाइनमध्ये टिश्यू नीट टिकत नाही. तो तासाभरात १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये पडायला हवा आणि ६ ते ७२ तास त्यातच राहायला हवा. यात हयगय झाली तर हार्मोन रिसेप्टर (पेशीवरची हार्मोन पकडणारी जागा) असूनही नसल्यासारखा दिसू शकतो. मग हार्मोन रोखणारी जी साधी गोळी पाच-दहा वर्षं घेऊन भागलं असतं, तीच हुकते.

म्हणून स्तनात हाताला गाठ लागली की काय करायचं, ते क्रमाने सांगते.

पहिलं, वयाच्या वादात अडकू नका. मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, चाळिशीपासून की पन्नाशीपासून, हे भांडण काही त्रास नसलेल्या बायकांच्या तपासणीचं आहे. तपासण्यांच्या शिफारशी करणाऱ्या अमेरिकेच्या टास्क फोर्सने २००९ मध्ये पन्नास म्हटलं आणि २०२४ मध्ये चाळीस. आपल्याकडे टाटा मेमोरियलने मुंबईत दीड लाख बायकांवर वीस वर्षं अभ्यास केला. मशीन नाहीच, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दोन-दोन वर्षांनी हाताने तपासायच्या. २०२१ मध्ये निकाल आला. गाठी लवकरच्या टप्प्यात सापडल्या, पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले, पन्नाशीच्या आत मात्र तसा फायदा दिसला नाही. मला तो अभ्यास आपल्या गावांसाठी फार मोलाचा वाटतो. पण तुमच्या हाताला गाठ लागलीच असेल तर वय अठ्ठावीस असो की सत्तर, तपासून घ्यायचं.

मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी दोन्ही होतात, फार तरुण मुलीला आधी सोनोग्राफी. रिपोर्टच्या शेवटी बायरॅड्सचा आकडा असतो, गाठ किती संशयाची ते सांगणारा. ० वाचून पेढे वाटणारे लोक मी पाहिलेत. ० म्हणजे तपासणी अपुरी आहे, आणखी फोटो लागतील. ४ किंवा ५ असेल तर सुई. आणि मॅमोग्राफी नॉर्मल आली तरी हाताला लागणारी गाठ तिथेच असते, तिचा निकाल लागायलाच हवा.

आता सुई. "सुई लावली की पसरतो" हे वाक्य मी लॅबच्या खिडकीतून रोज ऐकलं. सुईच्या वाटेवर चार पेशी सांडू शकतात, पण त्याने बाईचं आयुष्य घटतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. सुया दोन प्रकारच्या. बारीक सुईने नुसत्या पेशी येतात. तुम्ही ट्रूकट, म्हणजे जाड सुई, मागा. जागा बधिर करतात, खट्ट आवाज होतो, आणि शेवयांच्या तुकड्यांसारखे टिश्यूचे तुकडे निघतात. नुसती चरबी आली तर ती बाटलीत तरंगते, गाठीचा तुकडा बहुतेक वेळा तळाला जातो. बाटलीवर नाव, बाजू आणि वेळ लिहिलीय का, ते स्वतः वाचा. डावी-उजवीची चूक मी पकडलेली आहे.

त्या शेवयांवरून तीन गोष्टी कळतात: ईआर आणि पीआर हे दोन हार्मोन रिसेप्टर, आणि हर्टू हे पेशीवरचं एक प्रथिन. ईआर १ टक्का असला तरी पॉझिटिव्ह लिहितात, पण १ ते १० टक्क्यांच्या गाठी वागायला बऱ्याचदा निगेटिव्हसारख्या असतात. तिथे गोळीवर किती विसंबायचं यावर डॉक्टरांचंच एकमत नाही. म्हणून "पॉझिटिव्ह" वर थांबू नका, टक्के विचारा.

हर्टूची गंमत माझ्या घरातच झाली. मोठ्या जाऊबाई, वय सत्तेचाळीस, साडेतीन सेंटिमीटरची गाठ, हर्टू २+. भाऊजी म्हणाले, "प्लस म्हणजे पॉझिटिव्हच की. शनिवारी ऑपरेशन उरकून टाकू." मी पहिल्यांदाच त्यांच्यापुढे आवाज चढवला. ० आणि १+ निगेटिव्ह, ३+ पॉझिटिव्ह, आणि २+ म्हणजे अजून ठरलेलं नाही. त्यासाठी फिश नावाची वेगळी टेस्ट लागते. (आजार शरीरात पसरलेला असेल तर १+ आणि फिश निगेटिव्ह २+ यांनाही २०२२ पासून नवं औषध लागू पडतंय, म्हणजे कालचं निगेटिव्ह आज अगदीच निगेटिव्ह राहिलेलं नाही.) फिश पॉझिटिव्ह आली. शनिवारचं ऑपरेशन रद्द झालं आणि आधी केमो आणि ट्रास्टुझुमॅब हे हर्टूवरचं औषध सुरू झालं.

आधी सुई म्हणते ती यासाठी. हर्टू पॉझिटिव्ह किंवा ट्रिपल निगेटिव्ह (ईआर, पीआर, हर्टू तिन्ही निगेटिव्ह) गाठ दोन सेंटिमीटरच्या वर असेल तर बहुतेक ठिकाणी औषध आधी देतात. गाठ औषधाला किती दबली ते दिसतं आणि ऑपरेशननंतरचं औषध त्यावर ठरतं. गाठ आधीच कापली तर हे कळायचा मार्गच बंद. अगदी छोट्या गाठींत कोणता क्रम बरा, यावर अजून वाद आहे. औषध सुरू होण्याआधी गाठीत धातूची क्लिप टाकायची का, हे मात्र विचारा. गाठ विरघळली तर सर्जनला जागा कळायची कशी?

पूर्ण स्तन काढला की सुटलो, असं घरातल्या पुरुषांना हमखास वाटतं. गाठ तेवढी काढून शेक (रेडिएशन) दिला तरी आयुष्य तेवढंच मिळतं, हे इटली आणि अमेरिकेच्या वीस वर्षांच्या पाठपुराव्यातून २००२ मध्येच दिसलंय. प्रत्येकीला ते जमत नाही, गाठी अनेक ठिकाणी असल्या तर नाहीच. पण नवऱ्याने नव्हे, तिने ठरवायचं. शेकही आता अनेकींना पंचवीसऐवजी पंधरा दिवसांत होतो, काही जणींना पाचच दिवसांत.

जाऊबाईंचा स्तन वाचला. ऑपरेशननंतरचा टिश्यू आमच्याकडेच आला. तो मी कापला नाही, सहकारी पोरीला दिला आणि बाहेर जाऊन चहा घेतला.

शेवटचं काम घरच्यांचं. दुसरं मत घ्यायचं तर नुसते कागद पुरत नाहीत, स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक लॅबकडून अर्ज देऊन मागून घ्या. ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टच्या नंबराशी जुळवा. आणि तो गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका. मेण आहे ते, वितळतं.