शामोनी ते झरमॅट: स्कीवरून हट-ते-हट जाण्याची तयारी

फ्रान्समधल्या शामोनीपासून स्वित्झर्लंडमधल्या झरमॅटपर्यंतची ही वाट ‘ओत रूट’ म्हणून ओळखली जाते. स्कीवरून ती पहिल्यांदा १९११ साली पूर्ण झाली. मार्चच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत ती करतात, कारण तेव्हा हिमनद्यांवरच्या भेगा बर्फाने बऱ्यापैकी भरलेल्या असतात आणि हटमध्ये, म्हणजे डोंगरावरच्या मुक्कामाच्या घरांत, रखवालदार असतो. नेहमीचा कार्यक्रम सहा दिवसांचा आणि पाच मुक्कामांचा: त्रियां, माँ-फोर, प्राफ्लरी, दीस आणि विन्येत.

सह्याद्रीत पाय तयार झाले असले तरी तेवढ्याने भागत नाही. रोज सरासरी ८०० ते १००० मीटर चढाई असते, म्हणजे बारी गावातून रोज एकदा कळसूबाई, तेही पाठीवर ८-९ किलो आणि पायात जड बूट घेऊन. दमछाक सरावाने कमी करता येते. खरी अडचण उताराची आहे. तुटक, गोठलेल्या किंवा ओल्या बर्फावर, सॅक पाठीवर असताना, न पडता वळता आलं पाहिजे. गुलमर्ग किंवा औलीतला एक कोर्स करून थेट इथे येऊ नका. मध्ये किमान एक हंगाम स्कीसाठी सपाट करून ठेवलेल्या पट्ट्यांबाहेरच्या बर्फात घालवा.

सगळ्यात जास्त लक्ष स्किनकडे द्या. स्कीच्या तळाला चिकटवायच्या या केसाळ पट्ट्या पुढे सरकतात, पण मागे घसरू देत नाहीत. त्यांचा गोंद थंडीने आणि ओलाव्याने निकामी होतो. खिंडीवर पोचल्यावर पट्टी काढा, गोंद-गोंद जुळवून दुमडा आणि सॅकमध्ये न टाकता जॅकेटच्या आत अंगाशी ठेवा. पुन्हा चिकटवण्याआधी स्कीचा तळ कोरडा पुसा, बर्फाचा कण राहिला तर तिथूनच पट्टी सुटते. तरीही सुटलीच तर दोन रबरी पट्टे स्कीभोवती आवळून दिवस निभावता येतो, म्हणून असे चार पट्टे सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात हवेत. उन्हातल्या ओल्या बर्फातून सावलीतल्या कोरड्या बर्फात शिरलं की पट्टीखाली गोळे धरतात. त्यासाठी सकाळीच तिच्यावर मेण घासा. हटमध्ये पट्ट्या टांगून वाळवा, पण शेगडीजवळ नको. गोंद वितळतो.

बाइंडिंगची, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीची, चूकही नेहमीची. चढताना पुढची कळ कुलूपबंद ठेवा, नाहीतर आडव्या उतारावर बूट निसटतो आणि स्की एकटीच दरीत जाते. उतरण्याआधी ती कळ आठवणीने मोकळी करा. बंद राहिली तर पडताना स्की सुटत नाही आणि गुडघा पिळवटतो.

स्कीखाली लावायचे क्रॅम्पॉन (बर्फात रुतणारे धातूचे दाते) कडक बर्फ दिसताच, सपाटीवर असतानाच लावा. अर्ध्या उतारावर उभं राहून ते लावताना माणसं घसरतात. बुटांचे क्रॅम्पॉन, हलकी आइसॲक्स (बर्फाची कुऱ्हाड), हार्नेस (दोराला अडकवायचा कमरेचा पट्टा), फावडं, २४० सेंटिमीटरचा प्रोब (गाडलेला माणूस शोधायची काठी) आणि तीन अँटेनांचा बीकन (गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारं सिग्नल-यंत्र) यांपैकी काहीही वजनासाठी वगळू नका. बीकन सकाळी निघण्याआधी चालू करून अंगावरच बांधा. गाईड प्रत्येकाचा सिग्नल तपासतो. गाडलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर आला तरच जगण्याची आशा मोठी, आणि तेवढ्या वेळात पोहोचतात ते सोबतीच.

स्वित्झर्लंडमधल्या दाव्होसच्या हिम-संशोधन संस्थेचं हिमस्खलनाच्या धोक्याचं पत्रक रोज संध्याकाळी ५ वाजता येतं. धोक्याची पाचपैकी ३ ही पातळी मधली वाटते, पण सर्वाधिक जीवघेणे अपघात तिच्यावरच होतात. ३० अंशांहून तीव्र उतारावर गाईड एकेकाला सोडतो. तेव्हा घाई करून मागोमाग निघू नका. दिवसाचं वेळापत्रकही या धोक्यावरच ठरतं. नाश्ता पहाटे ५ ते ६, कारण दुपारी ऊन लागून बर्फ ओला आणि सैल होतो. ताशी ३०० मीटर चढा आणि बोलता येईल इतकाच श्वास लागू द्या.

आर्जांतिएर हिमनदीवरून शार्दोने खिंड (३३२३ मीटर) चढल्यावर पलीकडचा उतार इतका उभा आहे की अनेकदा दोरावरूनच खाली उतरावं लागतं. पाचव्या दिवशीचं पिन्य दारोला शिखर, ३८०० मीटरच्या आसपास, हा वाटेवरचा सर्वोच्च टप्पा. इथे हवामान बिघडलं तर काही दिसत नाही. २०१८ च्या एप्रिलअखेरीस वादळात सापडलेल्या एका गटाला विन्येत हटपासून काहीशे मीटरवर रात्र उघड्यावर काढावी लागली आणि सात जणांचा मृत्यू झाला. म्हणून गाईडने ‘आज नाही’ म्हटलं की वाद घालू नका. उलट पैसे भरतानाच विचारा: गटात सहापेक्षा जास्त माणसं आहेत का, आणि पर्यायी दिवसाची योजना काय?

हटमध्ये बूट, ॲक्स आणि काठ्या दारातच ठेवतात, चपला तिथे मिळतात. रेशमी लाइनर (पांघरुणाच्या आत घ्यायची पातळ पिशवी) आपला न्या, पांघरूण असतं. पाणी बहुधा बर्फ वितळवून मिळतं आणि विकत घ्यावं लागतं. अंघोळ विसरा. शाकाहारी जेवण मिळतं, पण आरक्षणातच सांगा. चीज आणि अंडं चालतं का तेही लिहा. रोख स्विस फ्रँक जवळ असू द्या. चॉकलेटचा बार थंडीत दगड होतो, शेंगदाण्याचा लाडू चावता येतो.

भारतीय पासपोर्ट असेल तर एकच शेंगेन व्हिसा पुरतो. जास्त रात्री स्वित्झर्लंडमध्ये असल्याने अर्ज तिथलाच करा. हेलिकॉप्टर बचावाचा खर्च देणारा विमा घ्या. स्वित्झर्लंडच्या व्हॅले प्रांतात बचावासाठी नंबर १४४.

शेवटचा दिवस सुमारे ३० किलोमीटरचा. एव्हेक, माँ ब्रुले आणि व्हालपेलीन अशा तीन खिंडी ओलांडून मॅटरहॉर्नच्या पायथ्याने उतरायचं आहे. दुपारपर्यंत खालचा बर्फ खिचडीसारखा होतो आणि शेवटी स्की खांद्यावर घ्यावी लागते. झरमॅटहून शामोनीला परतताना फिस्प, मार्तिन्यी आणि व्हालोर्सीन अशा गाड्या बदलाव्या लागतात. त्यामुळे त्याच संध्याकाळचं विमान ठरवू नका.