वजनं उचलल्याने मांड्या जाड होतात? बायकांच्या व्यायामातल्या या चुका टाळा

"मॅडम, जीन्स मांडीत अडकायला लागली. मी वजनं बंद करते, नुसतं ट्रेडमिलवर चालते."

हे वाक्य मी सारखं ऐकते, आणि ते बहुतेक वेळा तिसऱ्या आठवड्यात येतं. ठाण्यात दुपारची बायकांची बॅच मी अकरा वर्षं घेते आहे. मुलं शाळेत गेली, ओटा आवरला, की तासभर काढून या बायका येतात. पहिल्या दिवशी मागणी ठरलेली असते: मांड्या कमी करायच्या आहेत, पण वजनं नकोत, पाय पुरुषी दिसतील. मला या भीतीवर हसू येत नाही. घरच्या शंभर कामांतून वेळ काढून, पैसे भरून आलेल्या बाईला उलटाच परिणाम दिसला तर ती घाबरणारच. पण घाबरून ती जे करते, नेमकं त्यानेच तिचे पाय वर्षानुवर्षं आहेत तसे राहतात. म्हणून हा लेख.

तिसऱ्या आठवड्यात सोडून देणं

सगळ्यात जास्त नुकसान या एका चुकीने होतं.

स्नायूंना सवय नसलेला व्यायाम मिळाला की त्यांच्या तंतूंना बारीक इजा होते. ती भरून काढताना तिथे थोडी सूज येते. स्क्वॉट, म्हणजे गुडघे वाकवून खाली बसून पुन्हा उठायचा व्यायाम, केल्यानंतर जिना उतरताना मांड्या भरून येतात, ते यामुळेच. हे दुखणं साधारण २४ ते ७२ तासांच्या दरम्यान सर्वांत जास्त असतं. दुसरी गोष्ट अशी, की कामाला लागलेला स्नायू स्वतःमध्ये जास्त ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, करायला लागतो. दर ग्रॅम ग्लायकोजेनसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलं जातं. म्हणजे आत पाणी वाढलं आणि वरचा चरबीचा थर अजून आहे तसाच आहे. तीन आठवड्यांत चरबी जाऊन जाऊन किती जाणार? मग जीन्स घट्ट होते, काटाही किलोभर वर जातो, आणि बाई म्हणते, "बघा, मी म्हटलं नव्हतं!"

माझ्याकडे एक ताई येतात. घरीच ब्लाउज शिवतात, टेप कायम गळ्यात. त्यामुळे त्यांच्या मापावर शंका घ्यायला जागाच नव्हती. पहिल्या दिवशी मांडी ५९ सेंटिमीटर. तिसऱ्या आठवड्यात ६०. त्या दिवशी त्यांचे डोळे भरून आले होते. मी म्हटलं, "ताई, ब्लाउज अर्धा शिवून अंगाला लावून बघता का? बारा आठवडे द्या." आठव्या आठवड्यात माप आलं ५८.५ आणि चौदाव्यात ५६. वजन मात्र ६६ वरून ६४ वर, दोनच किलो खाली. स्नायू चरबीपेक्षा घट्ट विणीचा असतो. तेवढ्याच वजनाला तो साधारण १५ टक्के कमी जागा घेतो. त्यामुळे काटा फारसा हलला नाही तरी माप उतरू शकतं.

माप कसं घ्यायचं हेही त्यांनीच बॅचला शिकवलं. दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं राहायचं. गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपासून १५ सेंटिमीटरवर पेनाने खूण करायची आणि दर वेळी तिथेच मोजायचं. टेप कातडीला टेकली पाहिजे, रुतता कामा नये. सकाळी, व्यायामाच्या आधी, दोन आठवड्यांतून एकदाच मोजा. पाळीच्या आधीच्या आणि पाळीच्या दिवसांत मोजूच नका, अंगात पाणी धरलेलं असतं आणि उगाच जीव खाली-वर होतो.

गुलाबी डंबेल आणि शंभर आकडे

पुरुषांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन, म्हणजे स्नायू वाढवणारं पुरुषी संप्रेरक, साधारण ३०० ते १००० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर असतं, बायकांच्या रक्तात १५ ते ७० च्या आसपास. एवढ्या फरकात आठवड्यातून तीन तास व्यायाम करून पुरुषी मांड्या तयार होणं शक्य नाही. वेटलिफ्टर मीराबाई चानू आठवून बघा. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये त्यांनी ४९ किलो गटात रौप्यपदक मिळवलं. स्नॅचमध्ये (एका दमात डोक्यावर) ८७ आणि क्लीन अँड जर्कमध्ये (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) ११५, एकूण २०२ किलो. स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून जास्त वजन डोक्यावर नेणारी ही बाई ४९ किलोच्या आत होती. त्यांचे पाय भरदार आहेत, ते लहानपणापासूनच्या रोजच्या कित्येक तासांच्या मेहनतीने. तुमची-आमची दहा किलोची केटलबेल तिथवर नेणार नाही.

तरी बायका दोन किलोची डंबेल हातात घेऊन पन्नास-पन्नास स्क्वॉट मारतात. घाम येतो, दम लागतो, व्यायाम झाल्यासारखं वाटतं. पण स्नायूला बळकट होण्याचं कारणच मिळत नाही. वजन योग्य आहे का, हे ओळखायची सोपी खूण सांगते: ८ ते १२ वेळा केल्यावर शेवटचे दोन-तीन जड गेले पाहिजेत, आणि तरीही करायची पद्धत बिघडता कामा नये. बारावा स्क्वॉट करताना तुम्ही शेजारणीशी गप्पा मारू शकत असाल तर वजन कमी आहे. असे तीन सेट (८ ते १२ वेळा सलग केलं की एक सेट), मधे दीड-दोन मिनिटं खरोखर बसून विश्रांती, आणि आठवड्यातून दोन-तीन दिवस. सगळे सेट बाराच्या बारा नीट जायला लागले की पुढच्या वेळी एक-दोन किलो वाढवायचे. वहीत लिहून ठेवा. मागच्या मंगळवारी किती उचललं होतं हे आठवत नसेल तर वाढ होते आहे की नाही, कसं कळणार?

जिम नसेल तर पाच लिटरचा पाण्याचा कॅन म्हणजे पाच किलो. मुलांच्या दप्तरात दहा किलो गव्हाची पिशवी घालून छातीशी धरली की स्क्वॉटची सोय झाली.

एक गोष्ट मात्र मी लपवणार नाही. काही जणींचा मांडीचा पुढचा स्नायू खरंच लवकर भरतो, बांधाच तसा असतो. बारा आठवडे नीट खाऊन-पिऊनही माप वाढतच असेल आणि ते तुम्हाला नको असेल, तर पुढच्या मांडीचे सेट कमी करा आणि नितंब व मांडीच्या मागच्या बाजूचे व्यायाम वाढवा. वजनं सोडायची गरज पडत नाही.

जिथली चरबी नकोशी, तिथलाच व्यायाम

मांड्या आत-बाहेर करायचं मशीन आमच्या जिममध्ये सर्वांत लाडकं आहे. त्यावर बसून मोबाइल बघत दोनशे वेळा पाय मिटले की आतल्या मांडीची चरबी जळते, असा समज आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ११ जणांनी १२ आठवडे, आठवड्यातून तीनदा, फक्त एका पायाने लेग प्रेस, म्हणजे बसून पायाने वजन ढकलायचा व्यायाम, केला. एका दिवशी ९६० ते १२०० वेळा. ज्या पायाने एवढे कष्ट उपसले त्याची चरबी दुसऱ्या पायापेक्षा जास्त उतरली नाही. जी उतरली ती मुख्यतः शरीराच्या वरच्या भागातून. चरबी रक्तात मिसळून सगळ्या शरीराला पुरवली जाते. ती आधी कुठून निघावी हे आपल्या हातात नाही.

बायकांच्या बाबतीत मांड्यांचा नंबर बहुधा शेवटी लागतो. इस्ट्रोजेन या बायकी संप्रेरकामुळे आपल्याकडे चरबी नितंब आणि मांड्यांवर साठते. गरोदरपणासाठी आणि अंगावर पाजण्यासाठी ठेवलेली ती शिल्लक आहे आणि शरीर ती सहजासहजी मोडत नाही. म्हणून आधी चेहरा उतरतो, गळ्याची हाडं दिसायला लागतात, घरचे म्हणतात, "किती वाळलीस!" आणि मांड्या तशाच. इथे धीर सुटतो. एक सांगते, मांडीवरची चरबी पोटातल्या चरबीइतकी घातक नसते. भारतीय बायकांनी आधी कमरेकडे बघावं. ८० सेंटिमीटरच्या वर कंबर असेल तर मधुमेह आणि हृदयविकाराच्या दृष्टीने काळजी तिथे घ्यायची.

मांड्यांना प्लास्टिक गुंडाळून चालणं, घामाचे पट्टे, कंप देणारी मशीनं यांनी फार तर पाणी जातं. ते दोन ग्लास पाणी प्यायलं की परत येतं. पैसे वाचवा.

उपाशी राहून व्यायाम

पाय बारीक व्हायचे असतील तर सगळ्या अंगाची चरबी कमी व्हायला हवी, आणि तिचा निकाल स्वयंपाकघरात लागतो. पण जेवण तोडणं हा मार्ग नाही. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी उरलेली अर्धी पोळी, आणि संध्याकाळी सपाटून भूक लागली की फरसाणाचा डबा, हे चक्र मी कितीजणींच्या वहीत वाचलं आहे.

दोनच गोष्टी आधी तपासा. पहिली, तेल. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल संपत असेल तर माणशी रोज सुमारे ३४० कॅलरी नुसत्या तेलातून जातात. तीन लिटरवर आणलं की कुणाच्याही ताटातला एक घास कमी न करता माणशी रोज सव्वाशेच्या वर कॅलरी कमी होतात.

दुसरी, प्रथिनं. पोहे, चार पोळ्या, दोन वाट्या वरण, थोडा भात, वाटीभर दही, दोन चहा: एवढं मिळून ४० ग्रॅमच्या आसपास जातं. वजनं उचलणाऱ्या ६० किलोच्या बाईला ७० ते ९५ ग्रॅम लागतात. एका अंड्यात ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८, आणि ५० ग्रॅम सुक्या सोया चंक्समध्ये २५ च्या आसपास. मटकीची उसळ भाजी म्हणून चमचाभर न घेता वाटी भरून घ्या. मासे, चिकन खात असाल तर काम सोपंच आहे. उपवासाच्या साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतात, त्या दिवशी दही, ताक, दूध आणि मोजून दाणे घ्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचाराच.

आणि हिमोग्लोबिन तपासा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. जिना चढताना धाप लागते, तिसऱ्या सेटला डोळ्यांपुढे अंधारी येते, ते आळशीपणामुळे असेल असं समजू नका. १२ च्या खाली असेल तर आधी त्याचे उपचार, मग वजन वाढवणं. व्यायाम आणि कमी खाणं यांत पाळी लांबली किंवा बंद झाली तर खाणं फार कमी पडत असण्याची शक्यता आहे. तिथे थांबा आणि डॉक्टरांकडे जा.

स्क्वॉट करताना काहीतरी चुकतंय

गुडघा दुखतो: खाली जाताना गुडघे आत वळतात का ते आरशात बघा. पायाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेने गुडघा जायला हवा. टाच उचलली जात असेल तर टाचेखाली पातळ प्लेट ठेवा. तरीही दुखलं तर मागे खुर्ची ठेवून, बूड टेकेल एवढंच खाली जा आणि काही आठवड्यांनी खोली वाढवा.

कंबर दुखते: बहुतेक वेळा पोट सैल सोडलेलं असतं किंवा वजन अंगापासून लांब धरलेलं असतं. खाली जाण्याआधी श्वास घेऊन पोट ताठ करा, वजन छातीला चिकटवून धरा.

नितंबांना काहीच जाणवत नाही, सगळा भार पुढच्या मांडीवर येतो: स्क्वॉटसोबत हिप थ्रस्ट (पाठ बाकाला टेकवून कंबर वर उचलायची) आणि रोमानियन डेडलिफ्ट (उभं राहून वजन धरून कमरेतून पुढे वाकायचं) घ्या. डेडलिफ्टमध्ये कपाटाचं दार बुडाने लोटल्यासारखं मागे जायचं, पाठ सरळ, गुडघे थोडेच वाकलेले. मांडीच्या मागे ताण आला की वर या.

उकिडवं बसून भांडी घासलेल्या, भाजी निवडलेल्या काकू पहिल्याच दिवशी इतका खोल स्क्वॉट करतात की विशीतल्या मुली बघत राहतात. त्यांना फक्त वजन द्यायचं असतं, आणि पाळी गेल्यावर हाडं झिजायला लागतात तेव्हा त्यांनाच त्याची सर्वांत जास्त गरज असते. हाडं ठिसूळ झाल्याचं निदान झालं असेल तर डॉक्टरांना विचारून, जाणत्या ट्रेनरच्या नजरेखालीच सुरुवात करा.

प्रत्येक जाड पाय चरबीचा नसतो

वरचं अंग बारीक, पण दोन्ही पाय कमरेपासून घोट्यापर्यंत सारखे जाड, पावलं मात्र नेहमीसारखी. दाबलं तर दुखतं, कुठेही आपटलं की काळं-निळं पडतं. हा लिपेडिमा नावाचा चरबीचा आजार असू शकतो. १९४० मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी त्याचं पहिलं वर्णन केलं, तरी आजही अशा कितीतरी बायकांना "खाणं कमी करा" एवढंच ऐकवलं जातं. उपाशी राहूनही ती चरबी फारशी हलत नाही, आणि तो त्या बाईचा दोष नाही. रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांना दाखवा. व्यायाम बंद करायचा नसतो, पण अपेक्षा आणि उपचार दोन्ही वेगळे असतात.

दोन्ही पावलांवर बोट दाबून खड्डा राहत असेल तर थायरॉइड, मूत्रपिंड आणि हृदयाची तपासणी करून घ्या. आणि एकाच पायाची पोटरी अचानक सुजली, गरम लागतेय, दुखतेय, तर तो व्यायामाचा ताण समजून मालिश करू नका. शिरेत रक्ताची गाठ असू शकते. त्या दिवशी जिमची पिशवी घरी ठेवा आणि सरळ दवाखाना गाठा. सोबत धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर १०८ ला फोन करा.