ए-१० सीमध्ये रणगाडे शोधताना

डीसीएस या लढाऊ विमानांच्या सिम्युलेटर गेममध्ये ए-१० सी हे जमिनीवर हल्ला करणारं विमान उडवताना खाली नुसत्या डोळ्यांनी रणगाडे शोधत बसू नका, दिसत नाहीत. १५,००० फुटांच्या आसपास राहा, म्हणजे शिल्का (विमानविरोधी तोफांची गाडी) खालून पोहोचत नाही. स्टिअरपॉइंट (नकाशावर आधीच ठरवलेला बिंदू) एसपीआय, म्हणजे सगळ्या सेन्सरचा सामायिक लक्ष्यबिंदू असेल, तर थ्रॉटलवरचा चायना हॅट हा स्विच पुढे दाबून धरा. टार्गेटिंग पॉड, म्हणजे पंखाखालचा कॅमेरा, थेट तिथेच वळतो. लगेच झूम करायचा मोह टाळा. आधी रुंद चित्रात रस्ते, पूल, झाडांच्या कडा चाळा, कारण मिशन बनवणारे गाड्या बहुतेक तिथेच लपवतात. उन्हात तापलेल्या जमिनीवर व्हाइट-हॉटमध्ये (गरम वस्तू पांढरी) काही उठून दिसत नसेल, तर ब्लॅक-हॉट (गरम वस्तू काळी) लावून बघा.

ठिपका सापडला की मगच झूम. एकच लांब नळी आणि बसका, गोलसर टरेट (वरचा फिरता घुमट) असेल तर टी-७२ रणगाडा धरून चला. चार आखूड नळ्या आणि टरेटच्या मागे रडारची तबकडी दिसली, तर ती शिल्का. पहिलं मॅव्हरिक क्षेपणास्त्र तिलाच. ओळख पटत नसेल तर घिरटी घालून बाजूने बघा, समोरून सगळ्याच गाड्या सारख्या दिसतात. घिरटी मात्र पॉड ज्या पंखाखाली आहे त्याच बाजूला घ्या, नाहीतर विमानच कॅमेऱ्याच्या आड येतं.