पोटाच्या व्यायामाची साधने: काय घ्यावे आणि कंबर सांभाळून कसे वापरावे

“पोट कमी करायला काय घेऊ?” असा प्रश्न मनात धरून माणूस दुकानात गेला, की साधनाची निवड बहुधा तिथेच चुकते. पोटाचा व्यायाम केला म्हणून नेमकी पोटावरचीच चरबी उतरत नाही. आहार, चालणे-धावणे आणि पुरेशी झोप यांच्या एकत्रित परिणामाने ती सगळ्या अंगावरून हळूहळू उतरते. भारतीय पुरुषांमध्ये कंबरेचा घेर ९० सेंटीमीटरच्या आणि स्त्रियांमध्ये ८० सेंटीमीटरच्या वर गेला, की मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढतो, त्यामुळे टेप घेऊन घेर मोजत राहणे योग्यच आहे. मात्र तो घेर उतरवण्याचे काम एखाद्या चाकावर किंवा स्प्रिंगवर सोपवता येत नाही. ही साधने घ्यायची ती पोटाचे आणि कंबरेचे स्नायू बळकट व्हावेत म्हणून, आणि तेवढ्यासाठी ती खरोखर उपयोगी आहेत.

आरशात दिसणारी पोटाची उभी पट्टी हा या स्नायूंचा केवळ एक भाग आहे. तिच्याखाली कंबरपट्ट्यासारखा आडवा गुंडाळलेला स्नायू असतो, दोन्ही कुशींना तिरपे स्नायू असतात, पाठीकडून मणक्याला लगटून लहान स्नायू असतात, वर श्वासपटल आणि खाली ओटीपोटाचा तळ असतो. भरलेली बादली एका हातात घेऊन आपण चालतो तेव्हा धड त्या बाजूला कलत नाही, ते या सगळ्यांनी मिळून मणका धरून ठेवल्यामुळे. कंबर वाकवण्यापेक्षा ती जागच्या जागी सांभाळणे हेच त्यांचे रोजचे मोठे काम आहे. म्हणून साधन निवडताना मी एकच कसोटी लावतो: या साधनावर जोर लागत असताना मला माझी कंबर स्थिर ठेवता येते का? कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात मणक्याचा दीर्घकाळ अभ्यास केलेल्या स्टुअर्ट मॅकगिल यांच्या मोजमापांनुसार एका सिट-अपमध्ये, म्हणजे उताणे झोपून धड पूर्ण उचलून बसताना, कंबरेच्या मणक्यांवर ३००० न्यूटनहून अधिक, म्हणजे सुमारे ३०० किलो वजनाइतका दाब येतो. तरुण, निरोगी मणका असा दाब अधूनमधून सहन करतो. पण रोज शंभर-शंभर सिट-अप काढायला लावणारा बाक मध्यमवयीन माणसाने घरात आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरेदीपूर्वी घरच्या घरी एक चाचणी करावी. तालमीत जोर मारणाऱ्याला किंवा सूर्यनमस्कार घालणाऱ्याला ठाऊक असलेली, हात आणि चवडे टेकून शरीर सरळ ताणण्याची स्थिती घ्यावी; फक्त तळव्यांऐवजी कोपर जमिनीवर टेकवावेत. यालाच प्लँक म्हणतात. मग घरातल्या कोणाला तरी पोछ्याचा दांडा पाठीवर लांबीने ठेवायला सांगावे. डोक्याची मागची बाजू, दोन खवाट्यांमधली पाठ आणि माकडहाड अशा तीन ठिकाणी दांडा टेकला पाहिजे, आणि कंबरेच्या खोबणीत त्याच्याखाली जेमतेम हाताचा पंजा सरकला पाहिजे. पंजा सैल खेळू लागला म्हणजे कंबर खाली झोलली. दांडा कंबरेलाच टेकला म्हणजे पाठीची कमान वर निघाली. ही स्थिती बोलता बोलता, श्वास न रोखता ३० सेकंद टिकत नसेल, तर अजून कोणतेही साधन घेण्याची गरज नाही. दहा-दहा सेकंदांचे पाच-सहा प्लँक, दोन्ही कुशींवरचे प्लँक, आणि रांगण्याच्या स्थितीत उजवा हात व डावा पाय, मग डावा हात व उजवा पाय लांब करणे, एवढा व्यायाम महिनाभर केल्यास पाया तयार होतो.

या काळात लागते ती एक चांगली चटई. योगासनांसाठी मिळणारी ४ ते ६ मिलिमीटर जाडीची चटई उभ्याने करायच्या आसनांना बरी पडते, पण गुडघे आणि कोपर टेकून व्यायाम करायचा तर ती पातळ ठरते. १० मिलिमीटरच्या आसपासची दाट चटई घ्यावी. बोटाने दाबल्यावर खालची फरशी लागत असेल, तर ती दाट नाही असे समजावे. पावसाळ्यात गुळगुळीत टाइल्सना दमटपणा सुटतो आणि चटई सरकते, म्हणून आधी फरशी कोरड्या फडक्याने पुसून घ्यावी. सतरंजी मात्र टाइल्सवर हमखास घसरते. तिच्यावर प्लँक करू नये.

चाक, म्हणजे अ‍ॅब रोलर

काही शे रुपयांत मिळणारे हे साधन लहान असले, तरी घरगुती साधनांत इतके परिणामकारक आणि इतके सहज दुखापत करणारे दुसरे नाही. घेताना दोन चाकांचे किंवा रुंद चाकाचे घ्यावे, कारण अरुंद एकेरी चाक डावी-उजवीकडे कलंडते. मधला दांडा पोलादी आणि आरपार एकसंध असावा. दोन्ही मुठी धरून, चाक जमिनीवर टेकवून अंगाचा भार त्याच्यावर टाकून पाहावे. दांडा लवला किंवा मूठ फिरून बाहेर सरकू लागली, तर ते घेऊ नये.

वापरताना पहिले काही आठवडे भिंतीचा आधार घ्यावा. भिंतीकडे तोंड करून, गुडघ्यांखाली दुहेरी घडीची चटई घेऊन, भिंतीपासून साधारण दोन हात अंतरावर गुडघ्यांवर बसावे. चाक खांद्यांच्या खाली टेकवावे. चाक हलवण्यापूर्वी नितंब आवळून घ्यावेत, बरगड्या खाली ओढाव्यात आणि कोणी पोटात हलका ठोसा मारणार आहे अशा बेताने पोट घट्ट करावे. पोट आत खेचून घेणे ही वेगळी क्रिया आहे आणि ती इथे नको. मग चाक सावकाश पुढे सोडत, हात आणि कंबर एकाच वेळी पुढे नेत, चाक भिंतीला टेकेपर्यंत जावे आणि श्वास सोडत परत यावे. भिंत चाकाला अडवते, त्यामुळे दमलेल्या अवस्थेत ते हातांतून पुढे निसटत नाही. कंबरेत खोबण पडू लागली किंवा ताण पोटाऐवजी कंबरेत जाणवू लागला, की आपली हद्द तिथेच संपली असे समजून गुडघे भिंतीच्या थोडे जवळ घ्यावेत. अशा पाच-सहा फेऱ्या स्वच्छ जमल्या, की गुडघे चार बोटे मागे सरकवावेत. ही चार बोटांची प्रगती फार थोडी वाटते, परंतु पहिल्याच दिवशी पूर्ण लांब होऊन कंबरेत उसण भरलेली आणि मग आठवडाभर वाकता न आलेली माणसे मी पाहिली आहेत.

जिम बॉल आणि रबरी पट्टे

मोठा फुगीर चेंडू आपल्या उंचीप्रमाणे घ्यावा. साधारणपणे पाच फुटांपर्यंत उंची असेल तर ४५, साडेपाच फुटांपर्यंत ५५, सहा फुटांपर्यंत ६५ आणि त्याहून उंच माणसाला ७५ सेंटीमीटर व्यासाचा चेंडू लागतो. छिद्र पडल्यास एकदम न फुटता हळूहळू हवा सोडणाऱ्या प्रकारचाच घ्यावा आणि वेष्टनावरची वजनाची मर्यादा पाहावी. भिंतीवर पेन्सिलीने त्या व्यासाची खूण करून पहिल्या दिवशी चेंडू तिच्यापेक्षा थोडा कमीच फुगवावा, एक दिवस तसाच ठेवावा आणि मग उरलेली हवा भरावी, म्हणजे रबर समान ताणले जाते. त्याच्यावर बसल्यावर तळपाय पूर्ण टेकलेले आणि मांड्या जमिनीला समांतर किंवा गुडघ्यांकडे किंचित उतरत्या असाव्यात. सुरुवातीला चेंडू दोन भिंतींच्या कोपऱ्यात ठेवून वापरावा, आणि व्यायामाच्या जागेपासून टीपॉय, कपाटाचे कोपरे, लहान मुले यांना दूर ठेवावे. कोपर चेंडूवर टेकवून केलेला प्लँक हा त्याचा सर्वांत चांगला उपयोग आहे. त्याच्यावर उभे राहण्याचा प्रयत्न घरी कधीही करू नये.

रबरी पट्टा किंवा ट्यूब ही लहान घरातल्या माणसासाठी माझी पहिली शिफारस आहे. पट्टा छातीच्या उंचीवर अडकवून त्याच्याकडे कूस करून उभे राहावे, दोन्ही हातांनी तो छातीशी धरावा आणि हात समोर लांब करून १० सेकंद तसेच थांबावे. पट्टा धडाला स्वतःच्या दिशेने वळवू पाहतो आणि आपण वळायचे नाही. यात मणक्याला वाकावेच लागत नाही. दारात अडकवायचा तर ज्या बाजूने दार ढकलून उघडते त्या बाजूला आपण उभे राहावे, म्हणजे पट्टा ओढल्यावर दार चौकटीवर आणखी घट्ट बसते. कडी लावावी आणि घरातल्यांना सांगून ठेवावे. ताणलेला पट्टा कधीही चेहऱ्याच्या रेषेत येऊ देऊ नये.

हा शेवटचा नियम मी अनुभवाने शिकलो. पायांत अडकवून दोन्ही हातांनी ओढायचा, दोन स्प्रिंगांचा जो टमी ट्रिमर सर्रास विकला जातो, तो मी काही वर्षांपूर्वी वापरत होतो. एके सकाळी ओढता ओढता एका स्प्रिंगचा आकडा उघडला आणि ती सुटून भुवईच्या वर लागली; डोळा अर्ध्या इंचाने वाचला. त्यानंतर त्याच्याकडे नीट पाहिले तेव्हा लक्षात आले, की ओढताना माझी पाठ गोल होत होती आणि काम बहुतेक दंडांचे व मांड्यांचे चालले होते. म्हणून हे साधन मी कोणाला सुचवत नाही. उभे राहून कंबर गरगर फिरवायच्या तबकडीतही मणक्याला पीळ बसतो आणि पोटाला फारसे काम पडत नाही. घाम आणणारा पट्टा बांधल्यावर काट्यावर दिसणारा फरक हा निव्वळ पाण्याचा असतो. दाराच्या चौकटीत नुसत्या दाबाने बसणाऱ्या बारवर लोंबकळून पाय उचलायचे असतील, तर चौकट भक्कम लाकडाची आहे का हे आधी पाहावे. संगमरवरी किंवा ग्रॅनाइटच्या गुळगुळीत चौकटीवर असा बार घसरतो.

केव्हा, किती आणि कोणी थांबावे

आपल्याकडे पहाटे उठून लगेच व्यायाम करण्याची जुनी आणि चांगली सवय आहे, पण पोटाच्या व्यायामात इथे थोडा बदल करावा. रात्रभर आडवे राहिल्याने मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात आणि उठल्यानंतर काही वेळ त्या वाकण्याचा ताण कमी सहन करतात. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांनी पहाटे पुढे वाकणे टाळल्यावर त्यांचे दुखणे कमी झालेले आढळले. म्हणून उठल्यापासून निदान तासभर तरी क्रंच (उताणे झोपून फक्त डोके आणि खांदे उचलणे), सिट-अप टाळावेत. आधी फिरून यावे. आठवड्यातून तीन-चार दिवस, पंधरा मिनिटे पुरेत. प्रत्येक फेरीत मोठ्याने आकडे मोजावेत, कारण मोजताना श्वास रोखला जात नाही. उच्च रक्तदाब असलेल्यांसाठी ही काळजी अत्यावश्यक आहे.

हर्निया असलेल्यांनी, पोटाची शस्त्रक्रिया झालेल्यांनी आणि गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातले काहीही सुरू करू नये. हाडे ठिसूळ झालेल्यांनी पुढे वाकण्याचे व्यायाम करू नयेत. बाळंतपणानंतर पोटाच्या दोन उभ्या पट्ट्यांमध्ये अंतर राहिलेले असू शकते. उताणे झोपून, गुडघे दुमडून, डोके थोडे उचलावे आणि बेंबीच्या वर बोटे आडवी ठेवून पाहावे. दोनहून अधिक बोटे आत जात असतील किंवा मधोमध उभा उंचवटा येत असेल, तर चाक आणि क्रंच बाजूला ठेवून फिजिओथेरपिस्टना दाखवावे. व्यायामानंतर पोटाचे स्नायू एक-दोन दिवस ठणकतात, त्यात काळजीचे कारण नाही. नितंबातून पायात उतरणारी कळ किंवा मुंग्या आल्या, तर मात्र व्यायाम बंद करून डॉक्टरांकडे जावे. पायातली शक्ती गेली, बसण्याची जागा बधिर झाली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठावे.

दर महिन्याला पट्टा उजेडात ताणून त्याच्यावर बारीक भेगा दिसतात का ते पाहावे, चाकाच्या मुठी पिळून पाहाव्यात आणि चेंडूवरून हात फिरवून कुठे ओरखडा आहे का ते चाचपावे. गॅलरीत उन्हात ठेवलेले रबर लवकर कडक होते, म्हणून ही साधने कपाटात ठेवावीत. भेग पडलेला पट्टा गाठ मारून पुन्हा वापरू नये. कात्रीने त्याचे तुकडे करून टाकावेत, म्हणजे घरातले दुसरे कोणी तो चुकून उचलणार नाही.