कुंड्यांभोवती पतंग दिसताहेत? या चुका टाळा

पाऊस स्थिरावला की पुण्यातल्या फ्लॅट-फ्लॅटमधून एकच तक्रार सुरू होते: "झाडांना पतंग झालेत, काय मारू?" मारायचं नंतर बघू. उडतंय ते पतंगच आहे का? बऱ्याचदा नसतं.

चूक पहिली: ओळख पटायच्या आधी फवारणी

कुंडीला धक्का लागताच मातीतून बारीक काळे किडे उठले, तर ती चिलटं. जास्वंदीची फांदी हलवल्यावर पानांमागून इवले पांढरे किडे उडाले आणि पान हाताला चिकट लागलं, तर पांढरी माशी. बाथरूमच्या टाइलवर पंख पसरून बसणारा केसाळ करडा किडा मोरीच्या जाळीतून येतो. शेजारच्या मनीप्लांटचा त्यात काही दोष नाही. खात्री करायची तर रात्री जाळीवर चिकटपट्टी चिकट बाजू खाली करून लावून ठेवा. सकाळी तिला किडे चिकटलेले दिसले, तर झाड सोडा आणि मोरी घासा.

संध्याकाळी स्वयंपाकघरात भिरभिरणारे छोटे तपकिरी पतंग मात्र खरेच पतंग असतात, पण ते धान्यातले. रवा, तांदूळ, शेंगदाण्यांचे डबे उघडा. कुठेतरी जाळी धरलेली सापडेल. असा डबा रिकामा करून घासल्याशिवाय हे पतंग जात नाहीत, बाल्कनीतल्या झाडांवर कितीही फवारलं तरी.

चूक दुसरी: पतंगामागे बॅट घेऊन धावणं

मोठे पतंग पानं खात नाहीत. फुलातला मध पितात, काही तर काहीच खात नाहीत. पानं फस्त करते ती त्यांची अळी, आणि ती दिवसा नजरेला पडणं कठीण. तगर, सदाफुली किंवा अडेनियमच्या फांद्या अचानक बोडक्या झाल्या आणि खाली फरशीवर मिऱ्यांएवढ्या लेंड्या पडल्या असतील, तर त्यांच्या बरोबर वरची फांदी बघा. तिथे बहुतेकदा कण्हेरीवरच्या पतंगाची अळी असते, ती बोटाएवढी होते. हिरवीगार, मागे छोटं शिंग, पुढे डोळ्यांसारखे दोन निळसर ठिपके. दिसायला भीतीदायक, पण चावत नाही. चिमट्याने उचलून सोसायटीच्या कण्हेरीवर सोडावी, असं माझं मत. तिचा पतंग इतका देखणा असतो की मारायला हात होत नाही.

लिलीवर मात्र दयामाया नको. पावसाळ्यात तिच्यावर काळ्या, ठिपकेवाल्या अळ्या झुंडीने येतात आणि दुर्लक्ष केलं तर पानं संपवून मातीतल्या कांद्यापर्यंत पोहोचतात. रात्री टॉर्च घेऊन वेचा आणि साबणाच्या पाण्यात टाका.

कढीपत्त्यावरची, पक्ष्याची विष्ठा वाटावी अशी अळी पतंगाची नव्हे, फुलपाखराची. झाड मोठं असेल तर एखादी फांदी तिला देऊन टाका.

चूक तिसरी: झुरळांचा स्प्रे झाडावर

पानं करपतात आणि बंद खोलीत तो वास आपल्याच नाकात जातो. कडुनिंबाचं तेल पुरतं: लिटरभर पाण्यात ५ मिली आणि भांडी घासायच्या लिक्विडचे काही थेंब. लिक्विड न घालता तेल पाण्यात मिसळत नाही, नुसतं वर तरंगतं. आधी दोन पानांवर मारून दुसऱ्या दिवशी बघा, मग संध्याकाळी पानांच्या मागून फवारा.

अळ्या खूपच असतील तर कृषी सेवा केंद्रात बीटी, म्हणजे अळ्या मारणारं जिवाणूंचं औषध, मिळतं. ते अळीच्या पोटात गेलं तरच काम करतं, लहान अळ्यांवर जास्त, आणि उन्हात लवकर निकामी होतं. म्हणून तेही संध्याकाळीच. पुदिना, कोथिंबीर, तुळस यांवरच्या अळ्या हातानेच काढलेल्या बऱ्या.

चूक चौथी: पावसाळ्यातही रोज पाणी

चिलटांचं मूळ इथे आहे. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरलेली कुंडी आठवडाभर ओली राहते, आणि त्यांच्या अळ्या त्या ओलाव्यात बुरशी आणि कोवळी मुळं खात वाढतात. वरचा इंचभर थर कोरडा झाल्याशिवाय पाणी घालू नका, बशीतलं पाणी ओतून द्या. पिवळे चिकट सापळे फक्त उडणारी चिलटं धरतात, मातीतल्या अळ्या तशाच राहतात. त्यामुळे तीन-चार आठवडे धीर धरावाच लागतो.

सोलापूर रस्त्यावरच्या नर्सरीतून किंवा जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनातून आणलेलं नवं झाडही लगेच जुन्या कुंड्यांत मिसळू नका. दोन आठवडे वेगळं ठेवा.

राहिला बाल्कनीतला दिवा. पांढऱ्याऐवजी पिवळसर बल्ब लावला आणि दिवेलागणीला जाळीचं दार ओढून घेतलं, तर बाहेरचे पतंग बरेच कमी आत येतात.